किल्ल्यावरचे पोहे

कांदेपोह्यांचा वास मला आजही सहन होत नाही. शेजारच्या घरात मोहरी तडतडली, कढीपत्ता पडला, कांदा परतायला लागला की मी उठून खिडकी लावून घेते. लोकांना वाटतं मला पित्ताचा त्रास आहे. पित्त वगैरे काही नाही. ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीत लग्नाची मुलगी होते, एवढंच.

लग्नाची मुलगी म्हणजे रविवारी संध्याकाळी दाखवायची वस्तू. आमच्या दोन खोल्यांत पाहुणे यायचे. मुलगा, त्याची आई आणि एक काका. काका कुणाचाही असो, तो दात कोरायचाच. मी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचे आणि मग सुरू. चष्मा नाही ना? स्वयंपाकाची आवड आहे का? रंग उन्हानं असा झालाय की मुळातच असा आहे? एका बाईनं माझी वेणी हातात घेऊन चक्क ओढून पाहिली, केस खरे आहेत की गंगावन लावलंय ते कळावं म्हणून. मग कुणीतरी गोड आवाजात म्हणायचं, "बाळ, जरा पाणी आणतेस?" तहान कुणालाच लागलेली नसायची. मुलगी लंगडत तर नाही ना, हे बघायचं असायचं.

पाहुणे गेले की त्या बशा घासायचं काम माझंच. कडेला काढून ठेवलेल्या मिरच्या, चघळून टाकलेली कढीपत्त्याची पानं, एकदा तर उरलेल्या पोह्यांत खुपसून विझवलेलं सिगारेटचं थोटूक. जी माणसं मला नको म्हणणार होती त्यांचं उष्टं मी राखेनं खरवडत बसायचे. आई मागून म्हणायची, "काळजी करू नकोस, साखरेचं खाणार त्याला देव देणार." मला काळजी वाटत नव्हती. मला किळस वाटत होती.

या सगळ्यातून महिन्यातला एक रविवार मी वाचवत असे. त्या रविवारी मी डोंगरावर जायचे.

आमचा पाचसहा जणांचा कंपू होता. त्याचा म्होरक्या कल्याणचा, ठाण्याला एका कचेरीत नोकरीला. गळ्यात शिट्टी, हातात काठी आणि सगळ्या किल्ल्यांचा इतिहास आपल्यालाच कळतो असा समज. दुसरी माझी मैत्रीण. ती ठाण्याच्या कोपरीची, कॉलेजपासून माझ्या शेजारच्या बाकावरची, आणि म्होरक्याशी तिचं जमल्याला बरेच दिवस झाले होते. बाकीचे मानपाड्याच्या कारखान्यांमधले दोघेतिघे, ज्यांना सुट्टी मिळेल ते. मी भावाची जुनी पँट आणि त्याचाच शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे चालायचे. वाट शोधायचं काम माझं, असं कधीतरी न ठरवताच ठरलं होतं. वाट फुटली की मागून हाक यायची, "अगं, डावी की उजवी?" आणि मी सांगेन तिकडे सगळे निमूट वळायचे.

डोंगरावर घाण काही कमी नव्हती, हे आधी कबूल करते. नाहीतर लोकांना वाटतं ही बाई आता धुकं आणि रानफुलं सांगणार. आम्ही जेवायला ज्या गुहेत बसायचो तिथे बकऱ्यांच्या लेंड्या घोटाभर असायच्या. वटवाघळांच्या मुताचा वास डोक्यात जायचा. आधी येऊन गेलेल्या शूरवीरांनी तटावर ऑइलपेंटनं आपली आणि आपल्या प्रेयसीची नावं लिहिलेली असायची, आणि बुरुजाआड त्यांनी आणखी काय केलंय ते पाय पडल्यावर कळायचं. टाक्यातलं पाणी हिरवं. एकदा त्यात फुगलेला बेडूक होता. तो काठीनं बाजूला सारून आम्ही रुमालातून पाणी गाळलं, खिचडी शिजवली आणि एकाच पातेल्यातून खाल्ली. म्होरक्याच्या मोज्यांना येणारा वास तर मेलेला माणूस उठून बसेल असा. पण या घाणीची मला कधी शिसारी आली नाही. ती जिथली तिथे होती आणि तिला माझ्याकडून काही नको होतं. मुख्य म्हणजे वर मला कोणी बघत नसे. मी घामेजलेली असायचे, चिखलात बसायचे, ढेकर द्यायचे. मी कशी दिसते हा प्रश्न गाडी आसनगावला थांबली की गाडीतच राहायचा. माझ्याकडे तेवढी एकच जागा होती आणि ती टिकावी म्हणून मी घरच्यांची वाटेल ती बोलणी खात असे.

बोलणी पुष्कळ असायची. "काळी ठिक्कर पडून येतेस, मग मी कुणाला काय दाखवू?" हे आईचं ठरलेलं वाक्य. डोंगराच्या आदल्या दिवशी घरात अबोला असायचा आणि डबा माझा मी भरायचा.

त्या हिवाळ्यात मात्र आई एकदम बदलली. मी रविवारी जाणार म्हटल्यावर ती म्हणाली, "जा हो, थंडीत बरं असतं चालायला." निघायच्या दिवशी सकाळी पँट शोधायला गेले तर ती बादलीत, साबणाच्या पाण्यात बुचकळलेली. आई म्हणाली, "अगंबाई, मी आपली धुवायला टाकली. तो नवा ड्रेस घाल ना, दिवाळीचा." दिवाळीचा ड्रेस म्हणजे फिकट गुलाबी सलवार-कमीज. किल्ल्यावर गुलाबी! पण गाडीची वेळ झाली होती. वर आईनं जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवला. इतक्या वर्षांच्या कटकटीनंतर शेवटी तिला माझा डोंगर पटला, असं वाटून माझे डोळे भरून आले. आज आठवलं की स्वतःच्या भाबडेपणाची चीड येते.

गाडीत कल्याणला म्होरक्या चढला तो एका नव्या माणसाला घेऊन. आंबिवली गेल्यावर त्यानं ओळख करून दिली. "हा माझा मावसभाऊ. नाशिकला कारखान्यात इंजिनियर आहे. म्हणाला, मलाही एकदा न्या." पाहुण्याच्या पायात पॉलिश केलेले चामड्याचे बूट होते आणि शर्टाच्या खिशात कंगवा. किल्ल्यावर चामड्याचे बूट घालून येणारा माणूस वाटेत रडणार, हे मला तिथेच कळलं. मी मनातल्या मनात त्याला रांगेत शेवटी टाकून दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

किल्ल्याचं नाव सांगत नाही. किल्ल्याचा त्यात काही दोष नाही.

गाव मागे पडलं आणि चढ लागला तशी मी सवयीनं पुढे निघाले. मैत्रिणीनं माझा हात धरला. "अगं थांब ना, आज आरामात जाऊ. पुढे काय पळतेस?" थोड्या वेळानं पुन्हा तेच. नंतर म्हणाली, "ओढणी डोक्यावरून घे, ऊन लागतंय." या मुलीनं आजवर माझ्या उन्हाची कधी काळजी केली नव्हती. पुढे म्होरक्या वाट शोधत होता, म्हणजे चुकत होता. दोनदा आम्ही करवंदीच्या जाळीत जाऊन अडकलो आणि माझ्या कमीजला मोठी चीर गेली. ती बघून माझ्याआधी मैत्रीणच "अरे देवा" म्हणाली.

पाहुणा माझ्या मागोमाग धापा टाकत होता. धापांच्या मधून प्रश्न विचारत होता.

"तुम्हाला दम नाही लागत?"

"सवयीनं नाही लागत."

"म्हणजे दमा वगैरे काही नाही ना?"

मी म्हटलं, नाही बुवा. थोडं वर गेल्यावर, "चष्मा नाही तुम्हाला? दूरचं दिसतं सगळं?" मी त्याला समोरच्या सुळक्यावरचं गिधाड दाखवलं. मग घरी कोण कोण असतं, भाऊ काय करतो, माझी कचेरीतली नोकरी कायमची आहे का. मला वाटलं, बिचारा बोलून बोलून चढाची भीती घालवतोय. एका खडकाळ जागी तर मी त्याला हात देऊन वर ओढून घेतलं. त्याचा हात ओलसर आणि गिळगिळीत होता. सुटल्यावर मी माझा हात कातळाला पुसला.

वरच्या दरवाज्याशी पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. दुपारचं तिथेच बसायची आमची रीत. पाहुण्यानं आल्याआल्या टाक्यावर जाऊन तोंड धुतलं, खळखळून चूळ भरली आणि ती टाक्यातच थुंकली. आपण सगळे हेच पाणी पिणार आहोत, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. मी म्होरक्याकडे पाहिलं. एरवी असं कुणी केलं असतं तर त्यानं शिट्टी वाजवून इतिहासापासून सुरुवात केली असती. आज तो दुसरीकडे बघत राहिला. पाहुणा परत आला, खिशातला कंगवा काढून भांग पाडला, कंगव्यात अडकलेले केस बोटांनी ओढून काढले आणि फुंकर मारून उडवले. ते आमच्या चुलीच्या दिशेनंच आले.

मी तीन दगड मांडून काटक्या पेटवत होते. "तांदूळ-डाळ काढ गं," मी मैत्रिणीला म्हटलं.

"आज खिचडी नको," ती म्हणाली. "आज पोहे कर ना. तुझ्या हातचे."

"इथे? वर कुठे कुणी पोहे करतं?"

"मी आणलंय सगळं."

तिनं सॅकमधून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. पोह्यांची पिशवी, कांदे, मिरच्या, कढीपत्ता ओल्या फडक्यात गुंडाळून, भाजलेले दाणे, कढई आणि उलथनंसुद्धा. मी कढई चुलीवर ठेवली, फोडणी केली, कांदा टाकला. त्या वासानं मी तोंड फिरवून घेतलं, पण सगळे भुकेले होते. कांदा लाल झाला, भिजवलेले पोहे घालून परतले तसं मी हात मागे केला आणि तिनं माझ्या हातात खोबऱ्याचा डबा ठेवला. स्टीलचा, चपटा. झाकण उघडताना माझं बोट त्याच्या कडेवरून फिरलं. तिथे माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं.

आपल्याकडे एकही भांडं नाव कोरल्याशिवाय घरात येत नाही. शेजारणीकडे वाटीभर भाजी पाठवली तर वाटी परत आली पाहिजे ना! माझ्या आईनं सगळा कट चोख रचला होता. पँट बुडवली, ड्रेस चढवला, मला न कळता मैत्रिणीच्या हाती शिधा पोचवला, ओलं खोबरंही स्वतःच्या हातानं खवून दिलं. आणि ते भरून दिलं नाव घातलेल्या डब्यात.

मी डब्याकडे बघितलं, कढईकडे बघितलं, पाहुण्याकडे बघितलं. तो दगडावर रुमाल पसरून गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. आमच्या घरी मुलगे दिवाणावर बसायचे तसाच. त्याच्या शेजारी म्होरक्या, काकाच्या जागी. मला मागे का ठेवलं, ओढणी का घ्यायला लावली, दमा, चष्मा, नोकरी, सगळ्याचा उलगडा एकदमच झाला. आख्खा डोंगर मी त्याला चालून दाखवला होता.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मैत्रिणीला विचारलं, "हा डबा तुझ्याकडे कसा आला?"

ती गोरीमोरी झाली. "अगं, काकू म्हणाल्या की तुला घरी अवघडल्यासारखं होतं, तुझं खरं रूप दिसतच नाही कुणाला. वर तू कशी मोकळी असतेस! मग मीच म्हटलं…"

"तू म्हटलंस?"

म्होरक्या मध्ये पडला. "अगं, चांगला मुलगा आहे. घरातला आहे. तुझ्या भल्यासाठीच केलं ना सगळ्यांनी? एवढं काय त्यात?"

"म्हणजे यांना सांगितलं नव्हतं?" पाहुण्यानं विचारलं. निदान तो तरी शरमेल असं मला वाटलं. पण तो हसत होता. त्याला गंमत वाटत होती.

मी उलथनं खाली ठेवलं. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझं बघून झालं ना? आता तुम्ही उठा. चालून दाखवा. पाय धड आहेत का तुमचे ते मला बघू दे."

मला वाटलं, आता तो उठेल, संतापेल, निघून जाईल. तो उठला. शर्ट ठीक केला. आणि नव्या नवरीसारखी मान खाली घालून, लाजल्याचं सोंग करत, लचकत लचकत त्या देवडीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आला. सगळे खदाखदा हसले. म्होरक्यानं शिट्टी वाजवली. मानपाड्याचे दोघे टाळ्या पिटत "एक नंबर!" ओरडले. माझी मैत्रीण, जिला माझा चेहरा वाचता यायला हवा होता, तीसुद्धा हसली. सुटलो एकदाचे, असं ते हसणं होतं. मी शिव्या दिल्या असत्या तर त्यावरही ते असेच हसले असते.

कढईतले पोहे करपले. ते मी उचलून माकडांपुढे ओतले. माकडांनी कांदा निवडून टाकला.

उतरताना मी सगळ्यांच्या पुढे चालले. मागून वाट विचारणारी हाक एकदा आली. मी वळले नाही.

दोनतीन दिवसांतच निरोप आला. होकार होता. आई हातात साखरेची वाटी घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं, पसंत आहेस त्यांना! म्हणतात, मुलगी निरोगी आहे, आणि स्वभाव काय खेळकर! त्यालाच चालून दाखवा म्हणाली म्हणे!" नाशिकला घरोघर तो किस्सा सांगून झाला होता. माझ्या रागाचा त्यांनी गुण केला होता, जाहिरातीतल्या 'गोरा रंग, नाकीडोळी नीटस'च्या जोडीला आणखी एक. मी मोरीत गेले आणि ओकले.

मी नकार दिला. लग्नाच्या मुलीनं आलेला होकार परतवला म्हणून आमच्या घरात अक्षरशः सुतक पडल्यासारखं झालं. वडील माझ्याशी जेवणापुरतं बोलायचे. आई भिंतीकडे तोंड करून रडायची आणि मधूनच म्हणायची, "काय वाईट केलं गं मी? तुला आवडतं तिथेच दाखवली ना तुला?" ती खरंच तसं समजत होती. त्यामुळे मला तिच्यावर धड ओरडताही येईना.

मैत्रीण एकदा समजवायला आली. आम्ही गच्चीवर उभ्या राहिलो. ती म्हणाली, "माझं लग्न झालं की मी त्याच्याबरोबर जाणार डोंगरात. मग तू कुणाबरोबर जाशील? एकट्या मुलीला कोण नेईल? तू त्याच्या मावसभावाशी लग्न केलं असतंस तर आपण चौघं जन्मभर फिरलो असतो. तुझे डोंगर सुटू नयेत म्हणून केलं मी."

मी म्हटलं, "होता तेवढा डोंगर तूच सोडवलास."

ती रडली. मी रडले नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि त्याचाच मला जास्त तिटकारा आला. पुढच्या महिन्यात कंपू कर्जतच्या बाजूला जाऊन आला, ते मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. पाहुणा बरोबर होता. म्हणे नवीन बूट घेतलेत, कॅनव्हासचे.

वर्षभर मी कुठेच गेले नाही. मग एका थंडीच्या दिवशी रजा टाकून, घरी कचेरीत चालले सांगून, मी एकटी निघाले. त्या काळी एकटी बाई डोंगरात म्हणजे काय, ते गावातून जाताना कळलं. विहिरीवरच्या बायका काम थांबवून बघत राहिल्या. एकीनं विचारलं, "येकलीच? मालक कुठंय?" मी वर बोट दाखवलं. पुढे गेलाय असं तिला वाटलं असावं. पारावरचे बाप्ये वळणापर्यंत मागून बघत होते, ते पाठीला कळत होतं. मी दात आवळून चालत राहिले. मला ठाऊक होतं की वरती कोणी नसणार. तेवढं मिळालं की झालं.

वर खरंच कोणी नव्हतं. आठवड्यातला मधला वार, माथ्यावर नुसतं वाळलेलं गवत आणि वारा. मी सॅक टाकली आणि कड्यावर पाय सोडून बसले. खाली तानसाचं पाणी चमकत होतं. आता आरडाओरडा करावा, लोळावं, वाटेल ते करावं, असं ठरवून आले होते. बराच वेळ तशीच बसले. मग माझं माझ्याकडे लक्ष गेलं. मी गुडघे जुळवून, पाठ ताठ ठेवून, शर्ट नीट खाली ओढून बसले होते. चेहऱ्याची उजवी बाजू, आई जी चांगली म्हणते ती, मोकळ्या माळाकडे वळवलेली होती.

मी पाय पसरले. शर्टाची बटणं सोडली, घाम पुसला, मुद्दाम मोठ्यानं ढेकर दिली. आणि ढेकर दिल्यावर मान वळवून मागे बघितलं.